हे गाडीतच बसतात

१३ एप्रिल, रवि.
डब्लिनला, आयर्लंडच्या नव्हे, इथल्या अमेरिकेतल्या, देशपांडे काकूंकडे चैत्राचं हळदीकुंकू. तासभर ड्राइव्ह. हे बाहेर गाडीत बसले. हळदीकुंकवात पुरुषांचं काम नाही, ते ठीक. पण माझ्या गाण्यालाही हे गाडीतच.
डाळ बरी होती. पन्हं नुसतं गोड. कुंकू लावताना काकूंनी माझा हात धरून ठेवला. काल लॉजच्या, म्हणजे इथल्या क्लबच्या, हॉलला गायले, तिथे दारावर प्रत्येकाच्या हातावर शिक्का मारतात, निळा घोड्याचा नाल. गाणारीला पण सोडत नाहीत. बेसन लावून घासलं, गेला नाही.
"हे काय गं शोभा?"
"गाण्याचा शिक्का."
"बारमध्ये गातेस?"
"हॉलमध्ये. बार बाजूला आहे."
पुण्याची एक नवीन मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही कंट्री म्युझिक गाता? यार, सो कूल." बाकीच्या डाळीच्या वाटीत बघत बसल्या. बसा.

१९ एप्रिल, शनि.
आमचा गिटारवाला डेल बातमी घेऊन आला. गावातलं जुनं थिएटर दुरुस्त झालं. जूनमध्ये उघडणार, रविवारी दुपारी, पहिला कार्यक्रम आमच्या बँडचा. कंट्रीतले जुने मोठे लोक त्या स्टेजवर उभे राहिलेत. आणि डेल म्हणतो, एक गाणं तुझं स्वतःचं पाहिजे.
हो म्हटलं. मग भाजी चिरली.
हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालणारी बाई मी. शिक्षण सातवी. तिथे रेडिओवर दिवसभर जुनी कंट्री गाणी, इंग्रजी त्यातूनच शिकले. म्हणून सुरुवातीला मला फक्त नवरा सोडून गेला, पाऊस पडतोय, ट्रक बंद पडला, एवढंच बोलता यायचं. डेल तेव्हा तिथे मशीन दुरुस्त करायचा. माझं गुणगुणणं ऐकत उभा राहिला, पाना हातात. म्हणाला, शनिवारी ये. गेले. अजून जातेय.

२७ एप्रिल, रवि.
ह्यांना म्हटलं, थिएटरला आत बसायचं. पुढची खुर्ची ठेवायला सांगते.
"बघू."
ह्यांचं बघू म्हणजे नाही.
माझ्या पहिल्या गाण्याला आत आले होते. दुसऱ्या कडव्याला मी अडकले, शब्द आठवेना. मागून कोणीतरी हसलं. वर बघते तर ह्यांची खुर्ची रिकामी. तेव्हापासून पार्किंग. सीट मागे, मोबाइलवर क्रिकेट. नेतात, आणतात, बर्फातसुद्धा, कारण मला हायवेवर चालवता येत नाही. एकदाही कुरकुर नाही. पण आत नाही म्हणजे नाही.

४ मे, रवि.
गाणं झालं. चादरी घडी करता करताच झालं. बायको आत गातेय, नवरा बाहेर गाडी चालू ठेवून बसलाय. शेवटी ती म्हणते, गाडी बंद कर, आत ये. एवढंच.
डेलच्या गॅरेजमध्ये म्हणून दाखवलं. मान हलवली. म्हणाला, त्याचं नाव काय? हनी-बिनी नको, अशा गाण्यात माणसाला नाव लागतं.
मी माइकची वायर गुंडाळायला घेतली. लग्नात उखाण्यात घेतलं, सईच्या वेळी डोहाळजेवणाला घेतलं, संपलं. बाकी सगळा संसार अहो म्हणून. ते डेलला कसं सांगायचं. त्याला वाटलं मी नवऱ्याचं नाव विसरले.
शेवटी सांगितलं. मोहन.
म्हणाला, छान, 'मो'वर लांब थांबता येईल. थांबून बघितलं. अंगावर काटा. इंग्रजीत अहो-जाहो नाही ते एक बरं.
घरी काही बोलले नाही.

११ मे, रवि.
हर्नडनहून सईचा फोन, हॅपी मदर्स डे. तिला गाणं सांगितलं.
"आई, डझ बाबा नो ही इज इन इट?"
"नाही."
"यू हॅव टू टेल हिम."
"का? आत आले तर कळेल."
"दॅट्स ब्लॅकमेल, आई."
असेल. पोरगी शिकली ती कशाला, मला शब्द सांगायला.

३१ मे, शनि.
थिएटरमध्ये रिहर्सल. लाल खुर्च्या, वर सज्जा. आवाज लावला तर असा परत आला, जसं कोणी ओ दिली. भिंती दगडी, ह्या एवढ्या जाड. बाहेर काही ऐकू जातं का विचारलं. डेल म्हणाला, वीज पडली तरी नाही.
मॅनेजर साडी नेसशील का म्हणतो, लोकांना गंमत वाटेल. म्हटलं, गंमत गाण्यात आहे. हॅट, बूट, नथ. मंगळसूत्र आहेच.
बाहेर पाटी लागलीय. माझं नाव डेलच्या खाली, पण अक्षर मोठं. मी ह्यांना दाखवलं नाही. येताना हिरव्या सिग्नलला ह्यांनीच गाडी हळू केली, पाटीसमोर. मागच्याने हॉर्न दिला.

१५ जून, रवि.
भांडण.
"एकदा आत या."
"माझं काय काम आत?"
"ऐकायचं काम."
"काच खाली केली की ऐकू येतं मला."
एवढी वर्षं मला वाटायचं क्रिकेट.
"थंडीत पण काच खाली?"
"गाडी माझी, काच माझी."
"थिएटरच्या भिंती दगडी आहेत. तिथे काच खाली करा नाहीतर फोडा."
मग ताटात बघून म्हणाले, "तू अडकलीस की मला बघवत नाही. गाडीतून दिसत तर नाही."
मी म्हटलं, मग अडकताना तुम्हाला विचारून अडकू का. असं बोलायला नको होतं. आमटी गार झाली.

२१ जून, शनि.
घशासाठी आलं, मध, गप्प बसणे. दाराशी माझे बूट पॉलिश केलेले. मी केले नाहीत.

२२ जून, रवि.
थिएटर भरलं. सज्जासुद्धा. दारावर लॉजचाच माणूस बसवलेला, तोच शिक्का घेऊन. माझ्या हातावर मारला, म्हणाला, गिव्ह देम हेल. ह्यांनी मला सोडलं आणि पार्किंगला वळले.
माझं गाणं शेवटी. पुढची खुर्ची रिकामी. त्यामागे सगळा अंधार, दिवे डोळ्यांवर. पहिलं कडवं. दुसरं कडवं. अडकले नाही. लिहून ठेवते, अडकले नाही. 'मो'वर इतकी थांबले की डेल गिटारवरून वर बघायला लागला. मग पूर्ण नाव घेतलं, तोंड भरून, परक्या लोकांसमोर. लोक उभे राहिले. मी हॅट काढली नाही. गायले तशी ताठ उभी राहिले.
मागच्या दाराने बाहेर आले. ऊन. गाडी झाडाखाली. इंजिन बंद. हे आत, हात मांडीवर.
"गर्दी होती?"
"होती."
"बरं."
गाडी मागे घेताना ह्यांनी हात माझ्या सीटवर टाकला. हातावर निळा नाल.
म्हणजे आत गेले होते. कधी, माहीत नाही. बाथरूम आतच आहे, तेवढ्यापुरते गेले असतील. मागे भिंतीशी उभे असतील. नावाच्या आधीच निघाले असतील. विचारलं नाही. मी विचारणार नाही.

२३ जून, सोम.
सकाळी कामाला निघाले. हे आंघोळ करून चहा पीत होते. नाल तसाच, लख्ख.
म्हटलं, बेसनाचा डबा वरच्या फळीवर आहे.
म्हणाले, "राहू दे."