हात घालू नये

१० जानेवारी, सकाळी ९
आजपासून रोजनिशी. माणसाला शिस्त हवी. मागच्या पाच नोकऱ्या शिस्तीअभावी गेल्या. सहावी साहेबामुळे.

बाबा काल अ‍ॅडमिट झाले. हार्ट. ताईने कामं वाटून टाकली: हॉस्पिटल तिच्याकडे, घर माझ्याकडे. घर म्हणजे बाबांची टाकी. हॉलमध्ये चार फुटी काच, मासे नावाला पाच-सहा, बाकी सगळी पाण्यातली झाडं. आई होती तेव्हा दोघांनी मिळून लावलेली. मधोमध क्रिप्ट नावाचं एक झुडूप आहे, अकरा वर्षं त्याच जागी.

काचेवर बाबांची चिठ्ठी. दिवा सहा तास. रविवारी दोन बादल्या पाणी बदलणे. हात घालू नये. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा. कोणाला उद्देशून आहे कळत नाही.

स्ट्रेचरवरून जाताना विचारत होते, काय पाहुणे, मी येईपर्यंत मुक्काम आहे ना? मला ते पाहुणाच म्हणतात. मी म्हणालो, बाबा, हा काय प्रश्न झाला?

१३ जानेवारी
अभ्यास सुरू. चार व्हिडिओ पाहिले. सहा तास उजेड म्हणजे झाडांची उपासमार! दिवा बारा तासांवर नेला. बाबांचं ज्ञान जरा जुनं आहे, त्यांचा दोष नाही. आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलं, नवीन काही वाचायला वेळ कुठला.

संध्याकाळी भेटायला जाणार होतो. पण पाचवा व्हिडिओ तीन भागांचा निघाला. उद्या नक्की.

१९ जानेवारी
काचेवर हिरवी झाक आलीय. वाढ सुरू!! ताईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, शेवाळ असेल रे. तिला पहिल्यापासून चांगलं बघवत नाही.

बाबांनी माझी चौकशी केली म्हणे. टाकीत गुंतलोय असं सांगायला सांगितलं. खोटं नाही ते.

२२ जानेवारी
शेवाळच.

प्रश्न मांडणीचा आहे. बाबांच्या अवजारांच्या पेटीतला लांब चिमटा काढला आणि सगळं नव्याने लावलं. क्रिप्ट मध्येच ठाण मांडून बसलेलं, ते कोपऱ्यात हलवलं. सुखासुखी निघेना. मुळं पार दुसऱ्या काचेपर्यंत गेलेली. खेचलं तर गढूळ ढगच उठला. अकरा वर्षं एका जागी बसून कंटाळलं असणार बिचारं. मला अकरा महिन्यांत कंटाळा येतो.

२५ जानेवारी
क्रिप्टची पानं वितळली. सुकली नाहीत, वितळली. बोट लावलं की बुळबुळीत चिखल. नासलेलं ते मुळासकट उपटून कचऱ्यात टाकलं.

आज भेटायला जाणार होतो. पण बाबांना तोंड काय दाखवणार? आधी टाकी, मग हॉस्पिटल.

२७ जानेवारी
तसलंच झाड आणायला माशांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पहिलाच प्रश्न टाकला, जागा बदललीत का? ह्या झाडाला हलवलेलं खपत नाही म्हणे. रुसतं, पानं सोडतं, पण मुळं जिवंत असतात. महिनाभर गप्प बसायचं, आपोआप फुटतं. फक्त मुळं टाकू नका, म्हणाला. मी म्हणालो, छे, टाकतंय कोण?

घरी पळत आलो. कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेलेली. वाळू चाळली. काडेपेटीतल्या काडीएवढा मुळाचा तुकडा सापडला. जुन्या जागी खोचला. दिवा सहा तास. आता हात घालणार नाही.

२९ जानेवारी
ताईचा फोन. बाबा टाकीचा फोटो मागतायत. कपाटात आईचा जुना मोबाइल होता, तो चार्ज केला. त्यात टाकीचा झकास फोटो सापडला, क्रिप्ट नुसतं डवरलेलं. तोच ताईला पाठवला. टाकी तीच आहे, तारखेचं काय एवढं.

ताई म्हणाली, बाबांनी खूप वेळ बघितला. छान ठेवलीय म्हणाले. मोबाइल परतच देईनात.

बघा. जमतंय.

२ फेब्रुवारी
ताई म्हणाली, बाबा रोज तोच फोटो काढून बघतात. मग म्हणाली, फोटो पुरे झाले, तू ये. आवाज बारीक होता तिचा. सर्दी असेल. मी म्हणालो, एक पान फुटू दे, खरा फोटो घेऊनच येतो. तिने फोन ठेवला. की कट झाला? तिथे रेंजचा प्रॉब्लेम आहे.

५ फेब्रुवारी, सकाळी १०
पानांचा आकार बघायला जुना फोटो मोठा केला. काचेत आई आहे. मोबाइल धरलेले दोन हात, त्यावर कपाळ आणि तिचा तो कायम तिरका बसणारा चष्मा. आईला जाऊन तीन वर्षं झाली.

बाबांना केसाएवढा स्क्रू नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

म्हणजे पहिल्याच दिवशी कळलं असणार. तरी छान म्हणाले.

निघालो. पान गेलं खड्ड्यात.

त्याच दिवशी
बसस्टॉपवर उभा होतो. बस समोर दिसत होती. ताईचा फोन आला. नुसती रडत होती.

२४ फेब्रुवारी
दारातल्या चपला कमी होत होत आज दोनच राहिल्या, दोन्ही माझ्याच. ताई सकाळी तिच्या घरी गेली. शेवटच्या दिवशी बाबा काय म्हणाले हे मी विचारलं नव्हतं. तिने जाता जाता सांगितलं. दरवाजाकडे बघून म्हणाले, पाहुणे आले का?

मित्राने फोन केला, बोटीवर काम आहे, येतोस? म्हणालो, रविवारी पाणी बदलायचंय.

क्रिप्टला पान आलंय. अर्ध्या नखाएवढं. हात घातला नाही. फक्त एक फोटो काढला. पाठवायला बाबांचा नंबर काढला, आणि मग तसाच बघत बसलो.

फोटोत काचेवर मीच आलोय, मोठाच्या मोठा. पान माझ्यामागे झाकलं गेलंय.