टेकडीकडं वळवलेला रस्ता

अप्पा, तुम्ही गेल्यापासून मी तुमच्याशी मनातल्या मनातही कधी बोलले नाही. आज हे पत्र लिहून बोलतेय, कारण दुसऱ्या कुणाला हे सांगून कळायचं नाही. मी आता ज्या शहरात नोकरी करते तिथं मध्यवस्तीतून छोट्या डब्यांची रेल्वे न्यायची आहे, रस्त्यावरूनच धावणारी, आणि तिची रेघ कुठून जावी हे सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. सरळ नेली तर मंडईच्या दाराशी भाजी विकणाऱ्या बायकांची सगळी ओळ उठते. त्यांना वाचवायला वळवली तर वळण इतकं अवघड येतं की गाडी तिथं रखडणार, लोक तिच्याकडे पाठ फिरवणार आणि मंडईचा चौक आजच्यासारखाच तुंबलेला राहणार. रोज दोन्ही रेघा समोर घेऊन बसते आणि मला तुमचाच रस्ता दिसतो.

तुळजापुरात तेव्हा सोलापूरकडून येणाऱ्या यात्रेच्या गाड्या थेट बाजारात शिरायच्या आणि तिथंच अडकून बसायच्या. म्हणून गावाबाहेरून रस्ता काढायचं ठरलं, आणि दुष्काळ पडला तेव्हा तो दुष्काळी कामात घेतला. तुम्ही बांधकाम खात्यात ओव्हरसियर, आखणी तुमच्याकडे. रस्त्याची रेघ मारायच्या चुन्याची फक्की तुमच्या विजारीवर कायम असायची आणि आई चिडायची, प्यायला पाणी नाही, ही विजार कशात धुऊ म्हणून.

त्या दुपारी आई भाकरी थापतेय, तुम्ही चुलीपाशी जेवताय, आणि खडी फोडणारी एक बाई परसदारी येऊन उभी राहते. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. मला वाटलं, पाणी मागेल. ती म्हणाली, "सायेब, रस्ता सरत आलाय. सरला की हजेरी बंद. फुडचं काम लई लांब हाय म्हणत्यात, लेकरं घिऊन तितवर चालवत न्हाय. पाऊस पडस्तोवर आमी काय खावं?" तुम्ही म्हणालात, "रस्ता काय माज्या घरचा हाय का, बाई?" ती तिथंच उभी राहिली. तुम्ही अर्ध्या जेवणावरून उठलात. आईनं तव्यावरची भाकरी तिच्या पदरात घातली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पुढची फक्की पायानं पुसलीत आणि रस्ता लांबून, टेकडीकडं वळवलात. वाढलेलं काम पाऊस पडेपर्यंत पुरलं. त्या बाईच्या वस्तीतलं एकही घर गाव सोडून गेलं नाही. पण टेकडीचा चढ असा खडा की भरलेली एसटी निम्म्यातच दम सोडायची. चार दिवस ड्रायव्हरांनी प्रयत्न केला आणि मग सगळे परत बाजारातून जायला लागले. मोठे साहेब आले तेव्हा आपल्या अंगणात उभे राहून तुम्हाला म्हणाले, "हा रस्ता गाड्यांसाठी काढला की मजुरांसाठी?" तुम्ही खाली बघून म्हणालात, "साहेब, त्या वेळी मजुरांसाठीच काढला." त्यानंतर तुम्हाला आखणीचं काम कुणी दिलं नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी, शाकंभरी नवरात्रात, तुमच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांच्या जीपमधून आम्ही तुम्हाला सोलापूरला न्यायला निघालो. बाजारात पुढं यात्रेच्या गाड्या, मागून कारखान्याला निघालेल्या उसाच्या बैलगाड्या येत होत्या. शेजाऱ्यांनी विचारलं, "अप्पा, अजून माघारी फिरता यील. टेकडीवरनं घिऊ का?" तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "नगं. चढ सगळा वाहून गेलाय. आडकून पडाल." ज्या रस्त्यानं कुणी जात नाही त्याची डागडुजी कोण करणार? तुमचं डोकं माझ्या मांडीवर आहे, शेजारी हॉर्न दाबून धरतायत, आणि समोरची गाडी तसूभरही हलत नाही. हलली तेव्हा तुम्ही गेला होतात.

त्या जीपमध्ये मला तुमचा राग आला होता, अप्पा. तो रस्ता सरळ असता तर तुम्ही वाचला असता, एवढंच डोक्यात होतं. ती खडी फोडणारी बाई तुमच्या मातीच्या दिवशी आपल्या दारात आली होती, तरण्या लेकांना घेऊन. "ह्यास्नी तुमच्या अप्पानं जगवलं," असं तिनं आईला सांगितलं. मला तिच्याकडं बघवलं नाही. आपल्यापायी रस्ता वळला हे ठाऊक असल्यासारखी त्या लेकांची मानसुद्धा वर होत नव्हती.

उद्या मला मत द्यायचंय. चौक मोकळा झाला तर कुणाचा तरी बाप वेळेवर दवाखान्यात पोचेल. ओळ उठली तर त्या बायका कुठं जातील हे आमच्या ऑफिसात कुणालाच ठाऊक नाही, आणि विचारलं की सगळे नकाशाकडं बघतात. परवा मी मंडईत गेले होते. एका म्हातारीनं मेथीची जुडी हातात ठेवत विचारलं, "ताई, आम्हाला उठवणार म्हणतात, खरं का?" मी म्हणाले, अजून काही ठरलं नाही. घरी येऊन ती मेथी निवडली आणि रडत बसले.

तुम्ही काय सांगितलं असतं हे मला विचारायचं नाही. ते मला माहीत आहे, आणि उद्या मी तसं करीनच असं नाही. म्हणून हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही याचं आज मला बरं वाटतंय.