पंचेचाळीस सेकंदांची प्रार्थना

पप्पा,

अबू धाबीजवळच्या मुसफ्फाच्या यार्डात तुम्ही रिकाम्या डिझेल टाक्यांच्या तोंडाशी उभे राहून प्रार्थना म्हणायचात, तिथूनच सुरू करते, कारण आपलं भांडणही तिथूनच सुरू झालं. तुम्ही सेफ्टी ऑफिसर. दुरुस्तीला आलेल्या टाकीत माणूस उतरण्याआधी आतली हवा तपासायची, मीटरवरचा आकडा परमिटवर लिहायचा आणि खाली सही करायची, हे तुमचं काम. मीटरची लांब नळी आत सोडली की तळाची हवा वर यायला आणि आकडा स्थिर व्हायला पाऊण मिनिट लागायचं. माणसं चुकतात ती त्या पाऊण मिनिटातच, असं तुम्ही म्हणायचात. म्हणून तुम्ही प्रभूची प्रार्थना एकदाच, सावकाश, ओठ हलवत म्हणायचात आणि आमेन झालं की मगच आकडा वाचायचात. मम्मीला ते मुळीच पसंत नव्हतं. "देवाची प्रार्थना काय अंडी उकडायला लावलीय का?" असं ती भाजी चिरता चिरता विचारायची. तुम्ही हसायचात आणि डबा उचलून निघायचात.

मग शुक्रवार. रविवारी सगळ्यांची ड्यूटी, म्हणून आपल्या मंडळीची मराठी उपासना शुक्रवारी, आणि ती संपली की आपल्या फ्लॅटमध्ये मुलांचा बायबल क्लास. आम्ही सहा-सात पोरं गालिच्यावर बसलेली, तुम्ही मराठीत विचारणार आणि आम्ही इंग्लिशमध्ये उत्तरं देणार. चर्चच्या चुका चारचौघांत सांगणारा तो पाचशे वर्षांपूर्वीचा जर्मन सुधारक तुमचा फार लाडका. त्याचं नाव घ्यायचाच नाहीत, 'आपला जर्मन' म्हणायचात, जणू तो नगरला आपल्या शेजारी राहायला होता. माणूस पुण्यकर्मांनी तरत नाही, केवळ विश्वासाने तरतो, हे त्याचं म्हणणं तुम्ही आम्हाला पाठ करून घेतलं. मी दहावीच्या प्रीलिममध्ये गणितात आपटले तेव्हा हेच तुमच्या तोंडावर फेकलं. मी अभ्यास केला नव्हता, विश्वास ठेवला होता. तुम्ही मार्कशीटवर सही करत म्हणालात, "विश्वासाने तारण होतं, बीजगणित होत नाही." नंतर दोन महिने रोज संध्याकाळी मला घेऊन बसलात.

त्याच्या न्हाव्याची गोष्टही तुमचीच. न्हाव्याने त्याला विचारलं, प्रार्थना कशी करू? तर तो म्हणाला, फार लांबवू नकोस, पण गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा असताना तुझं लक्ष जसं असतं तसं ठेव. मी तुम्हाला पकडायला बघायचे. तुमचा जर्मन बुद्धीला शिव्या घालतो आणि त्याच तोंडाने तिला देवाची मोठी देणगी म्हणतो. "पप्पा, दॅट्स इलॉजिकल." तुम्ही म्हणायचात, टाकीत काय आहे ते बुद्धीने बघायचं, तिथे देवावर ढकलायचं नाही. पण देवाने आपल्यावर प्रेम का करावं, हे बुद्धीला विचारायला गेलास तर ती तुला फसवेल. मला ते सोयीस्कर वाटायचं. तुम्ही मला लाडाने 'गेलास', 'आलास' म्हणायचात, ते मात्र आवडायचं.

माझ्या बारावीच्या वर्षी, ऑगस्टमध्ये, ते झालं. तुमचा पठाण वेल्डर, तुमच्याहून वयाने मोठा, वर्षानुवर्षं तुमच्या बाजूला उभं राहून तुमचे ओठ बघत आलेला. साहेबांची दुआ संपली की टाकी साफ होते, असं त्याच्या मनाने कधी घेतलं ते तुम्हाला कळलंच नाही. त्या दिवशी तुमचे ओठ थांबले, तुम्ही मीटरकडे वाकलात आणि आकडा वाचायच्या आत तो "साब की दुआ खलास, चलो" म्हणत शिडीवरून आत उतरला. आतल्या वायूने गुंगून तिसऱ्या पायरीवर त्याचा हात सुटला. कमरेचा दोर बांधल्याशिवाय टाकीच्या तोंडाशी कुणी फिरकायचं नाही हा तुमचा हट्ट, म्हणून तुम्ही तिघांनी त्याला ओढून वर काढलं. तो सावलीत पडून ओकला, तासाभराने चहा प्यायला. तुम्ही स्वतः मॅनेजरकडे गेलात आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्याने तुम्हाला एक स्टॉपवॉच दिलं आणि यापुढे टाकीपाशी ओठ हलता कामा नयेत, असं बजावलं.

त्या शुक्रवारी उपासनेत तुम्ही उभे राहिलात. लोकांना वाटलं, साक्ष देणार. मागे बसलेल्या एक मावशी आधीच म्हणाल्या, "प्रभूची स्तुती असो, प्रार्थनेनेच वाचला तो." तुम्ही म्हणालात, "नाही मावशी. वाचला तो दोराने. प्रार्थनेने तो आत गेला." एवढं बोलून खाली बसलात. पाळकांनी घाईघाईने गीत सुरू केलं. गाडीत मम्मी मागच्या सीटवर जाऊन बसली.

मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मला हवं होतं ते तुम्हीच माझ्या हातात दिलं होतं. घरी आल्यावर जेवणाआधी तुम्ही हात जोडलेत आणि मी म्हटलं, आजपासून मी प्रार्थना करणार नाही, प्रार्थनेने माणसं आत जातात. तुम्ही जोडलेले हात खाली घेतलेत. मग म्हणालात, "मी देवाची चूक नाही सांगितली बेटा. माझी सांगितली." मला फरक कळला होता. तरी मी बदलले नाही, कारण जिंकल्यासारखं वाटत होतं आणि तुमच्याशी जिंकायची मला सवय नव्हती.

तुम्ही कधी जबरदस्ती केली नाहीत. मी चमच्याशी खेळत बसायचे, तुम्ही डोळे मिटायचात, पण ओठ न हलवता. टाकीपाशी लागलेली ती सवय घरातही आली होती. प्रार्थना संपली हे आम्हाला तुम्ही डोळे उघडल्यावरच कळायचं.

नंतर अबू धाबीचं हॉस्पिटल. तुमच्या हृदयाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. मम्मी नमाजघराजवळच्या मशीनवर चहा आणायला गेली होती. तुम्ही म्हणालात, "एकदा म्हणशील माझ्याबरोबर?" मी म्हटलं, "पप्पा, मी म्हणत नाही, तुम्हाला माहीत आहे." मला स्वतःच्या प्रामाणिकपणाचं तेव्हा फार कौतुक होतं. तुम्हाला राग आला नाही. उशाच्या पिशवीतून ते स्टॉपवॉच काढून माझ्या हातात दिलंत. "बरं. खोटं म्हणू नकोस. पण हे लाव, आणि तेवढा वेळ नुसता बस माझ्याजवळ."

मी बटण दाबलं. तुम्ही डोळे मिटलेत. पंचेचाळीस झाले, मी बटण दाबून घड्याळ थांबवलं आणि इन्शुरन्सचा फॉर्म भरायचा राहिला होता म्हणून उठले. दारातून वळून पाहिलं तेव्हा तुमचे डोळे मिटलेलेच होते. मी गेले. संध्याकाळी भेटायला आले तेव्हा इतर पाहुणे होते, आणि दुसऱ्या दिवसानंतर तुम्ही नव्हतात.

तेव्हापासून मला ते बोचतं. माझा अविश्वास नाही बोचत, तो तुम्ही समजून घेतला होता. तुम्ही फक्त बसायला सांगितलं होतं, आणि मी घड्याळाबरोबर उठले, ते बोचतं.

पुढे मीही सेफ्टीतच आले. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका कारखान्यात माझी नोकरी आहे, तिथे रसायनांच्या टाक्या आहेत, आणि परमिटवर आता माझी सही लागते. तुमचं स्टॉपवॉच बिघडलं तेव्हा दुरुस्त करून घेतलं. मम्मी अजून विचारते, प्रार्थना करतेस का गं? मी नाही म्हणते. हे पत्रही तिला दाखवणार नाही, परमिटच्या जुन्या पॅडवर लिहिलंय, ड्रॉवरमध्येच राहील.

तुम्हाला एक सांगायचं होतं. नळी आत सोडते आणि बटण दाबते. पंचेचाळीसला घड्याळ थांबवते, आकडा वाचते, ठीक असला तर लिहिते. तरीही लगेच सही करत नाही. माणसं दोर बांधून खोळंबलेली असतात, फोरमन म्हणतो, "मॅडम, टाइम तो हो गया, यल्ला, चलो." मी म्हणते, "रुको." ओठ मिटलेले असतात, कुणाला काही कळत नाही. माझं आमेन व्हायचं असतं.