आठव्या प्रश्नाचं उत्तर

लोणंद
सोमवार, १३ जानेवारी २०२५

प्रिय भाऊसो,

सलाम आणि रामराम. आम्ही सगळे खुशाल. दगडाबाई वहिनींचे गुडघे थंडीत कसे आहेत? तुमच्या जतकडं यंदा शाळू बरा आला म्हणून ऐकलं. मेंढरं उभ्या पिकात शिरली नाहीत म्हणजे मिळवली.

अक्षर बघून दचकू नका. डाव्या हाताचं आहे. एवढ्या चार ओळींना अर्धा तास गेला. पण फोनवर अजून जीभ अडते आणि अडली की मला मध्येच राग येतो, म्हणून कागद घेतला.

पहिली बातमी. कालच्या रविवारच्या पेपरात आपली नावं आली. सामान्य ज्ञानाचे दहाच्या दहा प्रश्न बरोबर! 'चांदसाहेब व भाऊसो, लोणंद-जत.' तुमच्या भाभीनं, खातूननं, ते कापून दुकानातल्या आरशाला चिकटवलंय. आता ती माझ्या मशिनवर बसते. मी खुर्चीवरून मापं सांगतो. आकडे अजून उलटे पडतात. मागच्या महिन्यात चौतीसचं त्रेचाळीस सांगितलं आणि एका बाईंचा ब्लाऊज पोत्यासारखा झाला. बाई हसल्या, खातून हसली, मग मीही हसलो. सहा महिन्यांपूर्वी मी हसलो नसतो.

तेच लिहायचं आहे, पण लेखणी आडवाटेनं जातेय.

आपला खेळ कधी सुरू झाला, आठवतं? तुमची एसटी लोणंदला मुक्कामी असायची. खाकी पँटीची शिवण उसवली म्हणून दुकानात आलात आणि मी पेपरातल्या एका प्रश्नावर अडलो होतो. माणसाच्या अंगात हाडं किती? तुम्ही तिकिटाची पेटी मांडीवर ठेवून म्हणालात, "दोनशे सहा. त्यातली निम्मी आमची गाडी मोडती." तेव्हापासून दर रविवारी दहा प्रश्न. नद्या, किल्ले, राजे माझ्याकडं; खेळ, जनावरं, शोध तुमच्याकडं. तुम्ही रिटायर होऊन गावी गेलात तरी फोनवर चालूच. मोबाईलात बघायचं नाही, ही अट तुम्हीच घातलीत.

मग मे महिन्यात मला झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. म्हणजे अगदी गेलं नव्हतं. शब्द यायचे, पण भलतेच. पाणी मागायला गेलो आणि तोंडातून 'कात्री' आलं. खातूनला आधी हसू आलं, मग ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. ते मला ऐकू आलं. त्या दिवसापासून मी तोंडच उघडायचं नाही असं ठरवलं. साताऱ्याचे डॉक्टर म्हणत होते, चुकलं तरी बोला. मी भिंतीकडं तोंड करून पडायचो. दोन महिने एक शब्द काढला नाही.

जुलैत तुम्ही आलात. जतहून मिरजेला एसटी, तिथून रेल्वे, आणि स्टेशनपासून चालत. दारात तुमचा आवाज ऐकला आणि मी डोळे मिटले.

भाऊसो, मी झोपलो नव्हतो.

ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, ती तुम्ही बघावी असं मला वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर त्याहून वाईट होतं. तुम्ही धडधाकट आहात याचाच मला राग आला होता. मनात म्हणालो, बसेल थोडा वेळ आणि जाईल.

तुम्ही गेला नाहीत. खुर्ची ओढलीत, पिशवीतून पेपर काढलात आणि म्हणालात, "चांदभाई, झोपा तुमी. मी वाचतो." आणि एकेक प्रश्न वाचायला लागलात. प्रत्येक प्रश्नानंतर थांबत होतात, जसं मी कपडा मापत होतो तेव्हा थांबायचात. मग तुमचंच उत्तर तुम्ही लिहायचात.

आठवा प्रश्न आला. सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या हद्दीवरून वाहणारी नदी कोणती?

तुम्ही बराच वेळ थांबलात आणि म्हणालात, "येरळा. व्हय, येरळाच. लिवतो."

मनात आलं, आता हा लिहून टाकणार, दहातला एक जाणार! डोळे मिटलेलेच होते, पण तोंड उघडलं. "वा... रणा."

दोन महिन्यांनी आलेला तो पहिला शब्द, आणि तो बरोबर होता.

पेनाचा आवाज तेवढा आला. खातूननं मला नंतर सांगितलं की ती चहा घेऊन दारात उभी होती, ती मला हाक मारणार, तेवढ्यात तुम्ही ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलंत. जाताना एवढंच म्हणालात, "भाभी, झोपू द्या त्यांस्नी. लय दमल्यात." मला उठवायचं नाही, मला लाजवायचं नाही, म्हणून तुम्ही तसेच परत गेलात.

मला वाटलं, तुम्ही खरंच चुकला होता. महिनाभर तेच वाटत होतं. मग एका दुपारी डोक्यात प्रकाश पडला. इकडं बदली होण्याआधी सात वर्षं तुम्ही इस्लामपूर–कोल्हापूर गाडीवर होता. दिवसातून चार वेळा वारणेचा पूल ओलांडणारा माणूस ते नाव विसरेल?

त्यानंतर दर रविवारी सकाळी तुमचा फोन. मला एक शब्द काढायला जेवढा वेळ लागेल तेवढा तुम्ही गप्प थांबता. पलीकडं मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत असतात. एकदाही तुम्ही माझं वाक्य पुरं केलं नाहीत. डॉक्टरांनी औषधं दिली, खातूननं रात्रंदिवस केलं, त्यांचे उपकार आहेतच. पण मला परत बोलावंसं वाटलं ते तुमच्यामुळं. हे मी आजवर सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर डोळे मिटल्याचंही सांगावं लागत होतं.

रागावला असाल तर रागवा. तुमचा तो हक्क आहे.

काल नाव छापून आल्यावर खातून म्हणाली, "त्यांना बोलवा. त्या दिवशी चहासुद्धा न पिता गेले." मीही तेच म्हणतो. शाळूची काढणी उरकली की वहिनींना घेऊन चार दिवस या. मी स्टेशनवर येईन. काठी घेऊन का होईना, पण येईन. लाळ अजून कधीमधी गळते, शब्द अजून भलतेच येतात. तुमच्यासमोर आले तर आले.

तुमचा उपकृत,
चांदसाहेब