पाचच्या आत झाडलेली गल्ली

७ मे, मंगळवार

पडले. पाटात. सायकलसकट!

पाणी मांडीपर्यंत, आणि गार म्हणजे काय गार! मुकर्रम-अपांच्या दारासमोर त्यांच्या सुनेनं नुकताच सडा घातला होता, त्यावरून चाक घसरलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणा हवं तर, पण अंगण खरंच ओलं होतं. त्याच सुनेनं खराटा टाकून मला ओढून काढलं. एक चप्पल गेली वाहत. आता ती कुणाच्या कापसाच्या शेतात पोचेल कोण जाणे.

घरी आले तर इंतिझोर, माझी सून, दारातच टॉवेल घेऊन उभी. हसली नाही. मी तिच्या जागी असते तर हसले असते.

शिकायला लागून दोन आठवडे झाले. रेशीम गिरणीतून निवृत्त झाले त्याच आठवड्यात कोठीघर आवरायला काढलं, तर दुलयांच्या ढिगामागे ही सायकल. हिरवी, बायकांची, जवळजवळ नवी. आमच्या लेकीची, झुम्रदची असणार — लग्न होऊन नमनगानला गेली तेव्हा मागे राहिली असेल. मी ती अंगणात आणली तेव्हा इंतिझोर हातातलं चहाचं तबक तसंच धरून बघत राहिली. सासूला वेड लागलं असं वाटलं असेल बिचारीला.

चौतीस वर्षं मागासमोर उभी राहिले. आता जरा बसून पुढे जावं म्हटलं, तर लोकांचं काय जातं?

८ मे

बहरोमला कुणीतरी सांगितलंच. आमच्या या मर्गिलान गावात पाटात पडलेली बाई मुलाला कळायला एक दिवस पुरतो.

“आई, तुमचं वय छप्पन्न.”

“ठाऊक आहे. मीच मोजलंय.”

“एकट्यानं जायचं नाही. सोबत कुणी मिळालं तर चालवा, माझी ना नाही. एक जूनपर्यंत बघा. नाही मिळालं तर सायकल परत कोठीत, आणि किल्ली माझ्याकडे.”

वडिलांसारखाच बोलतो. आवाज चढवत नाही, तारीख देतो.

एक जून! तोवर जर्दाळू पिकतील. तोशलोकला ओयनिसोकडे — माझ्या बहिणीकडे — जर्दाळू खायला मी सायकलवरून जाणार, असं मी तिला फोनवर सांगूनही बसलेय. ती इतकी हसली की फोन पडला. आता मागे फिरणं नाही.

११ मे, शनिवार

मोहल्ल्याच्या टेलिग्राम गटावर टाकलं: “सायकलसाठी सोबत हवी. वेग हळू. वय कोणतंही. पडणारे चालतील. — होसियत.”

उत्तरं. एक: सायकल विकायची आहे का? दोन: नवे बटाटे आलेत, घरपोच मिळतील. तीन: गटप्रमुखांचा गुलाब, सगळ्यांना सुप्रभात म्हणणारा. चार: मुकर्रम-अपा — “होसियत, नातवंडं कधी?”

म्हणजे सगळे वाचतात तर.

१२ मे, रविवार

चौकात रविवारी ते घट्ट कपड्यांतले सायकलवाले पुरुष जमतात, त्यांच्याकडे गेले. सगळे उभे राहिले, छातीवर हात ठेवून सलाम केला, चहा दिला. वळण चांगलं. त्यांचा म्होरक्या म्हणाला, “अपा, आम्ही आज शंभर किलोमीटर करणार.”

“मी पण शंभरच,” म्हटलं. “मीटर.”

फार हसले. मग टोप्या चढवल्या आणि गेले. मी त्यांचा उरलेला चहा संपवला.

१५ मे, बुधवार

नानवाले तुर्सुन-अका! हे माझ्या आधी कसं लक्षात आलं नाही? त्यांची काळी लोखंडी सायकल, मागे नानची टोपली, दर दाराशी थांबतात. म्हणजे माझाच वेग. आज तीन गल्ल्या त्यांच्यामागून गेले. ते “ना-आ-न!” ओरडतात, मी घंटी वाजवते. चौथ्या गल्लीत थांबून म्हणाले, “अपा, राग मानू नका. गिऱ्हाइकं नान सोडून तुम्हालाच बघतायत. आज निम्मी टोपली तशीच आहे.”

खरं होतं. मी दहा नान विकत घेतले आणि घरी आले. इंतिझोरनं मुकाट्यानं ते फडक्यात बांधून ठेवले. तिनं पहाटे स्वतः भाजलेले बारा आधीच होते.

१६ मे

डावीकडे वळताना चेन उतरत होती, ती आज उतरली नाही. सीटही बोटभर खाली आलीय, पाय टेकतात. चाकांत हवा टच्च! बहरोम बोलत नाही, पण करतो. मुलगा माझाच.

१८ मे, शनिवार

एक गोष्ट मात्र सुखाची. मी पाचला निघते तेव्हा आमची गल्ली लख्ख असते! सगळ्या सुना आपापल्या दारासमोर झाडून, सडा घालून तयार. खराट्याला टेकून मला बघतात. मी गेले की छातीवर हात ठेवून वाकतात. मला हात सोडता येत नाही, सोडला की पाट! म्हणून नुसती मान डोलावते, एखाद्या बेगमेसारखी.

आणखी एक — काच नाही, खडा नाही, झाडाची काडी नाही. जणू माझ्या चाकांसाठीच झाडलंय. पोरींना माझं कौतुक वाटत असणार. मुकर्रम-अपांच्या सुनेला मी ओरडून विचारलंसुद्धा, “येतेस का?” तिनं ओढणी तोंडावर धरली. हसू की जांभई, कळलं नाही.

२१ मे

सोबत नाही. दहा दिवस उरले.

२४ मे, शुक्रवार

इंतिझोर आज कणीक मळता मळता झोपली. खरंच! परातीत हात, आणि मान खाली. मी म्हटलं, “अगं, मी छप्पन्न वर्षांची पहाटे सायकल फिरवून येतेय आणि तू पंचविसाव्या वर्षी पेंगतेस? तरण्याचे कोळसे, म्हाताऱ्याला बाळसे!” ती दचकली, “माफ करा, आई” म्हणाली आणि परत मळायला लागली. कालचे नान खालून करपले होते. मी हसून सोडून दिलं. उगाच मोठेपणा वाटला स्वतःचा.

ओयनिसोचा फोन: जर्दाळू पिवळे झालेत, कुठे आहेस? म्हटलं, वाटेत.

२६ मे, रविवार

लिहायला हात होत नाही. पण लिहिते.

आज बायकांची महिन्याची बैठक मुकर्रम-अपांकडे. पलाव उत्तम. जेवणं झाल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. मला वाटलं, आता टोमणा. तर म्हणाल्या, “होसियत, देव तुझ्या सायकलीला आयुष्य देवो! आमच्या सुना सुधारल्या बघ. मी सांगून ठेवलंय — होसियत पाचला दारावरून जाते, तिनं केर तुडवायचा का? आता चारला उठतात सगळ्या! पूर्वी सहाशिवाय डोळा उघडत नव्हता.”

“आमची पण चारला,” दुसरी.

“आमची साडेतीनला, तिला मूल आहे ना अंगावर,” तिसरी. आणि सगळ्या माझ्याकडे बघून हसतायत, कौतुकानं!

मी चहा प्यायले. अकरा दारं. अकरा पोरींची झोप मी रोज चाकाखाली घेत होते आणि वर मान डोलावत होते.

आणि घरची? मी पावणेपाचला चहा मागते. सासू उठायच्या आत सुनेनं उठायचं, चूल, चहा, अंगण, दार, मग नान. म्हणजे ती किती वाजता उठते, हे मी एकदाही विचारलं नाही. माझी सासू पहाटे भिंतीपलीकडून खोकायची. खोकला नव्हता तिला, मला उठवायची ती रीत होती. मी अंधारात झाडताना ठरवलं होतं, माझ्या सुनेला मी खोकून उठवणार नाही. नाहीच खोकले. घंटी वाजवली.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

२७ मे

काल रात्रीच इंतिझोरला सांगितलं, उद्या मी सातपर्यंत झोपणार, तूही झोप. “बरं, आई.” चारला फाटक वाजलं. खराटा सुरू.

सासूच्या ‘झोप’वर कुठली सून झोपते? मी झोपले होते का?

२८ मे, मंगळवार

आज चार वाजायच्या आत मीच खराटा घेऊन रस्त्यावर! पाठ मोडली, पण हात विसरला नव्हता. इंतिझोर धावत आली, ओढणी अर्धवट.

“आई! द्या इकडे! लोक म्हणतील सून मेली!”

“मग जिवंत आहेस ते दाखव त्यांना. ती सायकल घे आणि कोपऱ्यापर्यंत नेऊन आण. हवा आहे का बघ.”

खराट्यापासून तिला लांब करायला म्हटलं होतं. वाटलं, हातात धरून चालवत नेईल. तिनं एकदा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं, झगा गुडघ्याशी आवरला, आणि बसली. बसली म्हणजे — मला दिसलंच नाही कधी बसली! मुकर्रम-अपांच्या दारापर्यंत गेली, वळली, डावीकडे, चेन न उतरवता. परत येताना माझ्यासमोर आली तेव्हा उजवा हात हँडलवरून काढून छातीवर ठेवला आणि वाकून सलाम केला. मला! चालत्या सायकलवरून!

खराटा माझ्या हातातून पडला.

“कुठे शिकलीस?”

“आमच्याकडे खोरेझमला सगळ्याच चालवतात, आई. शाळेत, कापूस वेचायला, लग्नाला. माझी आई धाकट्याला पुढे बांधून चालवायची.”

“चेन, सीट, हवा…?”

मान खाली.

“मग बोलली का नाहीस? मी सगळा मोहल्ला पालथा घातला! टेलिग्रामवर बटाटे खाल्ले!”

“तुम्ही सोबत शोधत होतात, आई,” ती म्हणाली. “सून कुठे सोबत असते?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण ही म्हण हसून सोडण्यातली नाही. तीन वर्षं एका छपराखाली राहून या पोरीनं आज पहिल्यांदा मला उलट उत्तर दिलं, आणि ते खरं होतं. मी तिला जवळ घेतलं. दोघी रडलो थोड्या. मग हसलो, कारण तोवर अकरा दारांत अकरा खराटे थांबले होते.

मुकर्रम-अपाही आल्या बाहेर. “होसियत, तू झाडतेयस?”

मी गिरणीचा आवाज काढला. चौतीस वर्षं मागांच्या वरून बोलायची सवय आहे, पलीकडच्या गल्लीतही पोचलं असेल. “हो, अपा! आणि ऐका सगळ्यांनी! उद्यापासून मी आठनंतर निघणार! आठच्या आधी कुणाचं दार झाडलेलं दिसलं तर त्या सासूच्या घरी मी चहा पिणार नाही!”

अपांचं तोंड उघडं ते उघडंच. मागे त्यांची सून खराट्याआड. या वेळी कळलं — हसूच होतं.

३० मे

तुर्सुन-अका सकाळी आठपर्यंत नान संपवतात. मग सायकल रिकामी. विचारलं. म्हणाले, “न्या अपा, पण घोडी जड आहे, माझ्याशिवाय कुणाला ऐकत नाही.” इंतिझोर बसली. घोडीनं ऐकलं.

गल्ली आज सातला झाडली गेली. मुकर्रम-अपांची साडेसहाला. असू दे, एका दिवसात किती?

१ जून, शनिवार

आठला बहरोम फाटकाशी उभा, घड्याळ बघत. “सोबत, आई?”

मागून त्याची बायको लोखंडी घोडी घेऊन आली. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग माझ्या हिरव्या सायकलीकडे, मग परत तिच्याकडे. कोठीची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि आत गेला. हरलेल्या माणसाचं तोंड असं खूश नसतं.

तोशलोक! दोन तास लागले, तीनदा थांबलो, एकदाच पडले — तेही गवतात. इंतिझोर माझ्या पुढे जाईना. “जा की!” म्हटलं. “आई, तुमच्या पुढे कसं…” “जा! मला रस्ता दाखव!” मग गेली. ती गाते, हे मला आज कळलं. ओयनिसो दारात जर्दाळूचं घमेलं घेऊन उभी होती. घमेलं पडलं.

परत येताना मी इंतिझोरच्या जड सायकलीकडे बघत होते. चढावर तिची कसोटी लागत होती. माझी हिरवी कशी लोण्यासारखी चालते! म्हटलं, झुम्रदचे आभार मानायला हवेत.

२ जून, रविवार

झुम्रदला फोन केला. “तुझ्या सायकलीवरून तोशलोकला जाऊन आले!”

“माझी सायकल? आई, मला तुम्ही कधी सायकलीला हात लावू दिलात?”

“मग कुणाची ही?”

ती हळूच म्हणाली, “वहिनीची. लग्नात दुलयांबरोबर त्याच गाडीतून आली होती. तुम्हीच म्हणालात ना — सुनेला काय करायचीय सायकल, मागे टाका ती.”

म्हटलं असेन. आठवत नाही, हेच वाईट. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बहरोमलाही.

इंतिझोरला बोलावलं, तिच्या हातात किल्ली ठेवली. काय बोलले ते इथे लिहीत नाही.

उद्यापासून लोखंडी घोडी मी घेणार. जड आहे. पडले तर पाट आहेच.