कललेला मनोरा

बुधवार, संध्याकाळ

टण्... टण्. खडकीच्या चर्चची घंटा आज दिवसभर कानात वाजतेय. लहानपणी ती माझा दोस्त डॉमनिक वाजवायचा. मी खाली उभं राहून शाळेची कविता बिनचूक म्हटली, की एक ठोका जास्त द्यायचा.

उद्या तो कायमचा गोव्याला, मुलीकडे चाललाय. त्याला द्यायला मी जुन्या लग्नपत्रिकांचं छोटं चर्च केलंय, त्याचा मनोरा मात्र कललाय. खळ जास्त लागली, दुसरं काय!

सूनबाई म्हणाली, "बाबा, पिसाचा मनोरा म्हणून द्या."

सकाळपर्यंत वाळेल? सरळ राहील? मनोरा बोटांनी धरून, धीर यावा म्हणून तीच कविता मोठ्यानं म्हणत बसलो.

बेल वाजली. थांबून पुन्हा एकदा. सूनबाईनं दार उघडलं, तर डॉमनिक!

"कविता बाहेर ऐकू आली रे. म्हणून एक ठोका जास्त."