चिखलातली निवटी

न्हाय, पाठ दुखत न्हाय माझी, आणि हितं बसून मी तुमची आठवणही काढत न्हाय. खुर्ची दिलीय म्हणून बसते. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, तुमच्या खाडीच्या चित्रासमोर. बाई, तुमाला जाऊन वीस वर्षं झाली. हितं अंजूर गावात पत्र्याच्या शेडी बांधून तुमी सात-आठ चित्रकार आणून ठेवले होते, मी त्यांच्या भाकऱ्या थापायची. त्या शेडींचं आता म्युझियम झालंय. आपल्या इकडच्या चित्रकारांचं, बोलतात. आजूबाजूला सगळी गोदामं. आमची जमीन पण गोदामात गेली, पोरगा कल्याणला गेला, मला नेलं न्हाय. मग म्युझियमच्या ट्रस्टवाल्यांनी स्वयंपाकघरामागची खोली दिली. "मावशी, तुम्ही तर बाईंच्या घरातल्या." म्हणजे आलेल्या माणसाला तुमच्याबद्दल चांगलं सांगायचं आणि खोलीत पडून राहायचं. जाऊ कुठं?

परवा एक पोरगी आली, तुमच्यावर पुस्तक लिहिते. चित्राला नाक लावून उभी. "मावशी, ह्या निवटीत बाईंचा हात वेगळाच वाटतो. असं का हो?" मी बोलली, "मला काय ठाऊक? मला कालवणातली निवटी मासळी ठाऊक."

तुमाला ठाऊक हाय. त्या दिवशी दुपार व्हायचीय, ओहोटी लागलीय, मी चहा घेऊन येते. तुमी निवट्या पाण्यात पोहताना काढल्यात, मांदेलीसारख्या. मी बोलते, "बाई, ओहोटीला निवटी चिखलावर बसते, डोळे वर काढून. पाण्यात कशाला घातल्या?" तुमी खेकसता, "अगं, तू तुझी चूल बघ! आणि कशाला हात लावू नकोस." कप घेऊन तुमी बाहेर गेल्या. बिळात हात घालून निवट्या धरण्यात माझं लहानपण गेलं, मला राहवलं न्हाय. तुमच्याच रंगात बोट बुडवून चिखलावर एक काढली. तुमी आल्या, खूप वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता हाकलतात. तुमी पाण्यातल्या सगळ्या पुसल्या, माझी ठेवली, खाली कोपऱ्यात तुमचं नाव घातलं आणि बोलल्या, "वाढ जेवायला." चौथीत शाळा सोडलेल्या मला पुन्हा अक्षरं तुमीच गिरवायला लावली होती. म्हणून तर ते नाव वाचता आलं.

आज पोरगी परत आली, टेप चालू करून. ट्रस्टचे साहेब शेजारीच. "खरं सांगा मावशी, ही बाईंनीच काढली?" खरं बोलली तर कोण मानणार? आणि मानलं, तर बोलतील, म्हातारीनं बाईंचं चित्र खराब केलं, खोली खाली कर. मी बोलली, "बाईंनीच. दुसरं कोण काढणार?" साहेब हसले. पोरगी खूश. "बघा ना, शेपूट अर्धीच दाखवलीय, अर्धी बिळात. काय नजर!"

नजर कसली डोंबलाची. तुमची चप्पल वाजली, मी घाबरली, शेपूट राहिली. आता वर काच लावलीय आणि ती अर्धी शेपूट मी रोज सात तास बघते. पूर्ण करायला अजून बोट शिवशिवतं, एवढंच. हा लिहिलेला कागद भाकरीच्या डब्याखाली जाईल. तुमी विचारलं तरी आणखी एक अक्षर सांगणार न्हाय.